पोट काढलेला चाकू

बाजारात त्याला पुटपुट्या म्हणत, आणि तोंडावर म्हणत. चाकू-सुऱ्यांचं दुकान, आत धारेचं चाक, आणि चाक फिरू लागलं की याचं तोंडही चालू. "ठेवतो दादा, उतार ठेवतो." समोर तर कोणी नसायचं. शेजारचा कुलूपवाला म्हणायचा, "याच्याकडे एक भूत येतं, आणि तेही फुकट धार लावून मागतं." सगळे हसायचे, पुटपुट्याही हसायचा. भूत खरंच येतं हे त्या एकट्यालाच माहीत होतं.

भूत म्हणजे त्याचा थोरला भाऊ. जंगलखात्यात झाडं मोजायच्या कामावर होता. अकरा वर्षांपूर्वी दौऱ्यावर जाण्याआधी चाकू घासायला देऊन, स्टुलावर बसून, बजावून गेला होता, "उतार सरळ ठेव. पोट काढू नकोस."

आता हे पोट काय प्रकरण, ते सांगायला हवं. पात्याच्या दोन्ही बाजू धारेपर्यंत सरळ घासत आणल्या, की तो उतार. असा चाकू दिसतो ठोंब्या, पण मागून दांडक्याने हाणला तरी धार न तुटता लाकूड फोडतो. त्याच बाजू चाकावर धरून आत खोलगट केल्या, की काढलं पोट. मग धार इतकी पातळ होते की हातावरचे केस नुसतं टेकवल्याने उडतात. आणि या धंद्यातल्या माणसांची खोडच अशी, की केस उडाल्याशिवाय यांना चाकू झाला असं वाटतच नाही. धारवाल्याचा डावा हात कायम गुळगुळीत असतो, तो त्यामुळे. पुटपुट्याने भावाचा चाकू घासला, हातावर फिरवला. केस जागेवर. सख्ख्या भावाला असला बोथट माल द्यायचा? त्याने पोट काढलं. मायेने काढलं, हेच तर वाईट.

भाऊ सापडला ओढ्यात. ओंडक्याखाली पाय अडकलेला, वरून पाणी चढलेलं. पाय धरून ठेवणारी फांदी निम्मी तोडलेली होती, आणि हातातल्या चाकूच्या धारेचा मधला तुकडाच उडालेला होता. आयुष्य तेवढंच होतं, असं लोक म्हणाले. पुटपुट्याने तो चाकू खात्याने परत दिलेल्या सामानातून गुपचूप काढून घेतला. वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाला, वाहून गेला असेल.

तेव्हापासून चाक फिरलं की स्टुलावर कोणीतरी येऊन बसायचं. त्याने स्टूल माळ्यावर टाकून दिलं, तर आवाज उभ्याने येऊ लागला.

आणि एका दुपारी भावाची मुलगी दुकानात आली. वडिलांसारखेच बाहेर आलेले कान. वडिलांच्याच खात्यात लागली होती, सोमवारी जंगलात रुजू व्हायचं होतं.

"काका, एक चाकू द्या. स्वस्तातला, पण आयुष्यभर टिकणारा."

"म्हणजे सासऱ्यासारखा," पुटपुट्या म्हणाला.

त्याने दोन चाकू ठेवले. एक त्याने स्वतः घासलेला, साध्या पोलादाचा, लाकडी मुठीचा, सरळ उताराचा. दुसरा कारखान्यातला, चकचकीत, पोट काढलेला. गिऱ्हाइकं मागतात म्हणून ठेवावा लागायचा. तिने दुसरा उचलला आणि हातावर फिरवला. केस उडाले.

"हाच."

"त्याची मूठ ढिली आहे."

तिने हलवून बघितली. "कुठे?"

"गंज चढतो त्याला."

"काका, 'न गंजणारा' असं छापलंय त्याच्यावर. तुम्हाला तुमचाच खपवायचाय ना?" ती हसली आणि चाकू पिशवीत टाकू लागली.

चाक बंद होतं, तरी कानाशी आवाज आला. "सांग की." न सांगता निभावलं असतं आणखी अकरा वर्षं. पण हिचा पाय अडकला तर?

"तुझ्या बाबांना मी असाच दिला होता," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं. फांदी, तुकडा, लपवलेला चाकू. मध्ये एकदाही थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं.

तिने चाकू पुन्हा पिशवीबाहेर काढला.

"त्यांनी नको म्हटलं होतं?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

तिने चकचकीत चाकू परत ठेवला आणि ठोंब्या उचलला. रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"काका, बाबांचा विषय निघाला की आई काय म्हणते माहितेय? एक चाकू सांभाळता आला नाही त्या माणसाला, वाहू दिला. अकरा वर्षं ती त्यांच्यावर चिडून आहे. फोटोकडेसुद्धा बघत नाही."

पुटपुट्याने मान खाली घातली. "सांगतो तिला. रविवारी येऊन—"

"आत्ता चला."

दार वहिनीनेच उघडलं. "या भावोजी, आज कशी वाट चुकलात? बसा, पाणी आणते."

"पाणी नको वहिनी," तो म्हणाला. "आधी तुम्ही बसा."