कुक

गरम रबराचा वास आला की अजून मी तिथून उठून जाते. गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही भूल द्यायचे मास्क बनवायचो. काळा मास्क दिसला की तान्ही मुलं किंचाळायची, म्हणून त्यांच्यासाठी पारदर्शक, मऊ काठाचा मास्क करायचं काम माझ्याकडे आलं होतं. नमुना घरी आणून, तोंडावर धरून मी माझ्या दहा महिन्यांच्या लेकाशी बुवा-कुक खेळायचे. मास्क काढून ‘कुक’ म्हटलं की तो खिदळायचा. मग त्याचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुम्हीच घ्या त्याला मांडीवर, मास्क मी धरते.” आमचाच तो पारदर्शक मास्क जवळ आला तसा तो हसला. रडला नाही, मानही फिरवली नाही. माझ्याकडे बघत कुकची वाट पाहत राहिला, आणि तसेच त्याचे डोळे मिटले. “इतकं शहाणं बाळ पहिल्यांदाच बघितलं,” बाई म्हणाल्या आणि मला बाहेर पाठवलं. तो शुद्धीवर येऊन भोकाड पसरेपर्यंत मी बंद दारापाशी पुटपुटत होते, कुक, कुक. आता तो स्वतः बाप झालाय. परवा नातीनं माझ्या पदराआड तोंड लपवलं, तर तिचं ‘बुवा’ पुरतं म्हणून व्हायच्या आतच मी पदर बाजूला करून ‘कुक’ म्हटलं.