थांबवायला शिकलेला गाडीवान

आमच्या अंथुर्ण्यातला बिरू गाडीवान भलताच हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. मला असली माणसं आवडतात, फक्त त्यांच्याबरोबर एका घरात राहायला सांगू नका.

तो हिंदुरावआबांच्या उसाच्या बैलगाड्या हाकायचा. त्याची गाडी कधी कुरकुरली नाही. चाक वाजलं की गाडीवानाची लाज गेली, असं तो मानायचा. गाडीखाली टांगलेल्या नळीतलं वंगण आसाला चोपडल्याशिवाय कासरा हातात घेत नसे. पंचावन्न साली ऊस चांगला झाला आणि आबांनी पुण्याच्या एका डॉक्टरची जुनी मोटार आणली. बिरू बारामतीला जाऊन ती चालवायला शिकला आणि खाकी टोपी घालून मिरवू लागला.

मोटारीला एकच खोड होती. थांबताना किंचाळायची. पारावरचे म्हणायचे, "आबांची नवरी रडत आली बघा!" बिरूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आबांच्या पत्नी द्वारकाबाई, ज्यांना सारा गाव आक्का म्हणे, त्यांना नरसिंहपूरला दर्शनाला न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी बिरूनं चारही चाकं उतरवली, ज्या लोखंडी डब्यांतून आवाज यायचा ते उघडले आणि आत मनापासून वंगण चोपडलं. मोटार मुकी झाली, पारावरच्यांची तोंडं बंद झाली आणि बिरूची छाती फुगली.

सपाट रस्त्यावर तो लांबूनच वेग कमी करत यायचा, म्हणून काही कळलं नाही. नरसिंहपूरच्या अलीकडं नदीकडचा उतार लागला आणि ब्रेकवर पाय दाबला तरी मोटार ऐकेना. हातब्रेक ओढला, तोही त्याच वंगणात घसरला. शेवटी बिरूनं गाडी बांधाला घातली. देव राहिला बाजूला, आक्कांचा उजवा हात मोडला. बिरूला मात्र साधं खरचटलंही नाही, आणि तेच त्याला सोसेना.

मोटार बैलांनी ओढत घरी आणली. सगळं गाव म्हणालं, गाडीच अपशकुनी. आबांनाही ते पटलं. "भंगारात देतो. तू आपली बैलं धर."

"मोटारीचा दोष न्हाय आबा," बिरू म्हणाला. "वंगण मी घातलं. मला शिकून येऊ द्या. मी ती नीट करीन आणि आक्कांना तिच्यात बसवीन."

आबा हसले. कडवट हसले. "ती आपल्या पायानं बसली तर ठेवतो मोटार. आणि तुलाबी. पण ती बसायची न्हाय."

बिरू तडक बारामतीला मानसिंग मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आरं, चाक फिरायला वंगण लागतं, थांबायला घासावं लागतं! तू घासायची जागाच बुळबुळीत केलीस. बैलगाडी थांबवतो बैल. हितं बैल कुठं हाय?"

उभ्या जन्मात हा प्रश्न बिरूला पडला नव्हता. चाक पळवायची सगळी विद्या त्याच्याकडं होती. थांबवायचं काम मात्र मुकाट्यानं बैल करत आले होते.

मग तो महिनाभर तिथंच राहिला. गॅरेज झाडलं, भांडी घासली, शिव्या खाल्ल्या आणि शिकला. पाय दाबला की नळीतलं तेल ढकललं जातं, ते चाकाजवळच्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या डब्यातले दोन अर्धगोल लोखंडी पट्टे फाकवतो आणि ते फिरत्या डब्याला आतून घट्ट घासतात. पट्ट्यावरचं अस्तर झिजलं की बदलायचं, वंगण प्यालं असेल तर धूत बसायचं नाही, फेकायचं. आणि नळीत ब्रेकचंच तेल घालायचं. "शेंगतेल घातलंस तर रबर फुगंल आन् मी तुला फुगवीन," मिस्त्री म्हणायचा.

नवी अस्तरं घेऊन बिरू गावी आला. आबांच्या अंगणात मोटार विटांवर चढवली, डबे पेट्रोलनं पुसले, बांधावर आपटून फुटलेली नळी बदलली, तेल भरलं. तरी ब्रेक पायाखाली लोण्यासारखा दबायचा. नळीत हवा राहिली होती. ती काढायला दोघं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची.

आत बसायला कोणी तयार होईना. "मला लेकरंबाळं हायती," आबांचा गडी सोपान म्हणाला. अरे बाबा, गाडीला चाकं नाहीत, ती विटांवर आहे, जाणार कुठं? पण भीतीला कुठं अक्कल असते! आबांना नेमकं तेव्हाच मळ्यातलं पाणी बघायचं आठवलं. बिरू तेलकट हातांनी एकेकाला बोलावत राहिला. मला त्याची दया आली. गेलो मात्र मीही नाही.

आक्का ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. हात गळ्यात बांधलेला. त्या उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि डाव्या हातानं मोटारीचं दार उघडू लागल्या.

"आक्का, तुमचा हात..." बिरू चाचरला.

"हात मोडलाय. पाय न्हाय," आक्का म्हणाल्या आणि लुगडं सावरून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. "काय करू सांग."

"दाबा. आता धरून ठेवा. हां, सोडा."

एका चाकाचं झालं की दुसरं. बुडबुडे फसफसत बाहेर आले, कमी झाले, मग नुसती तेलाची धार लागली. बिरूनं शेवटचा स्क्रू आवळला. आक्कांनी पुन्हा पाय दाबला, आणि तो मध्येच अडला.

"दगडावर पाय दिल्यागत लागतंय रं," त्या म्हणाल्या.

बिरू चाकाच्या जागी खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. सगळं अंगण बघतंय याचीही त्याला शुद्ध नव्हती.

"रडतोस काय?" आक्का आतूनच ओरडल्या. "चाकं बसव. मी आता उतरत न्हाय."