एकास दहाचा चढ

कल्पना करा, की एका गवताळ टेकडीवर तुम्हाला वाट आखायची आहे. हातात चढ मोजायची पाणसळ, खिशात नारिंगी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि दोन बोटं रुंदीचा ब्रश. नियम एकच : दहा पावलं पुढं गेलात तर एक पाऊलच वर चढायचं, त्याहून जास्त नाही. समोरून सरळ चढ दिसतो, मोह होतो, पण तुम्ही वळसा घ्यायचा. गवतात पाय टाकायचा नाही, कडेच्या दगडांवरून जायचं. दर शंभर पावलांवर एखादा बसका दगड बघायचा, हातानं त्यावरची माती झाडायची आणि एक बाण काढायचा. मग मागं वळून बघायचं. खाली पिंजौरच्या बागांचा हिरवा तुकडा, पलीकडे मैदानात आखून ठेवलेलं चंदिगढ, आणि वर, तुम्ही जिथं अजून पोचायचे आहात तिथं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं कंबरभर गवत.

विश्वनाथ पार्टे यांनी हे काम १९९२ साली नऊ रविवारांत एकट्यानं केलं. आयुष्यात मन लावून केलेली दोन-चार कामं मोजायला सांगितली असती, तर त्यांनी हे पहिलं सांगितलं असतं. पुढं ह्याच कामाची त्यांना शिसारी आली.

पार्टे मूळचे जावळीचे. घराच्या मागं डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर मैलभर पसरलेला सडा. झाड नाही, झुडूप नाही, नुसता दगड, गवत आणि वारा. लहानपणी गुरांमागं फिरताना त्यांना वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतं. पुढं आयटीआय झाली, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि शहाऐंशी साली बदली होऊन ते चंदिगढला आले, सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. शास्त्रज्ञ चित्र काढून द्यायचे, पार्टे ते लेथवर खरं करायचे. काम आवडायचं. गाव आवडत नव्हतं. सगळं काटकोनात. रस्ता सरळ, चौक गोल, झाडंसुद्धा रांगेत. "इथं चालताना आपण पट्टीवरून चालतोय असं वाटतं," ते बायकोला म्हणायचे.

"मग घसरू नका म्हणजे झालं," वीणाताई म्हणायच्या.

टेकडी त्यांना योगायोगानं सापडली. एका रविवारी काल्क्याच्या बसनं ते पिंजौरला उतरले आणि उगाच डोंगराच्या दिशेनं चालत सुटले. दोन तासांनी सुईसारख्या पानांची चिडाची झाडं संपली आणि एकदम सडा लागला. जावळीचा नव्हे, पण सडाच. तिथं रामदेई नावाची एक म्हातारी विळ्याला धार लावत बसली होती. ह्या माथ्याला गावात घासणी म्हणत. पावसापासून दसऱ्यापर्यंत त्यात गुरं सोडायची नाहीत, मग सगळ्यांनी मिळून कापणी करायची, हिवाळ्याचा चारा त्यातून निघायचा. पार्टे गवतात शिरलेले बघून ती ओरडली, "ओ बाबूजी, घास में मत चलो! किनारे-किनारे!"

पार्ट्यांना आपली आजीच ओरडल्यासारखं वाटलं. ते मुकाट्यानं कडेला आले. त्यानंतर पाच-सहा वर्षं ते महिन्यातून दोनदा तिथं जात राहिले. धुकं उतरलेलं बघितलं, पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी लांबवर बर्फाची रेघ बघितली, काल्क्याहून वर चढणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकली. आणि एकट्यानं बघून पोट भरेना, म्हणून महाराष्ट्र मंडळात सांगत सुटले.

मंडळात निम्मी माणसं लष्कराची आणि हवाई दलाची, बाकीची दवाखान्यातली, विद्यापीठातली. त्यात साडी-चपलांतल्या बायका, लहान मुलं, कोणाचे गुडघे धरलेले वडील. सगळ्यांना यायचं होतं. गावकऱ्यांची पायवाट छातीवर चढणारी. म्हणून पार्ट्यांनी एकास दहाचा चढ धरला आणि गवत वाचेल अशी कडेकडेनं वाट आखली. तिचा नकाशा काढला, संस्थेच्या ड्रॉइंग बोर्डावर, शाईनं, उत्तर दिशेच्या बाणासकट.

मंडळाची एक पद्धत होती. बदलीवर नवं कुटुंब आलं की त्याला एक कागद मिळे : जाडे पोहे कुठं, कोकम कोणाकडं, गणपतीची मूर्ती कोण करतं, मराठी बोलणारा दाताचा डॉक्टर कोणत्या सेक्टरला. ह्याच कागदाच्या मागच्या बाजूला पार्ट्यांची टेकडी छापली गेली. तीन वर्षांनी कुटुंब निघालं की गॅसच्या शेगडीसारखा तो कागदही पुढच्याला देऊन जाई. काही जण शेजाऱ्यांनाही देत. पंजाबी शेजाऱ्याला पोह्यांचं काय, पण नकाशा कोणाला नको असतो?

वीणाताई मात्र कधी गेल्या नाहीत. आधी मुलाची शाळा, मग गुडघा. खरं कारण वेगळं होतं. "डोंगर बघायला परमुलखात कशाला? माझ्या माहेरी काय दुष्काळ आहे डोंगरांचा?"

२००३ साली हा प्रश्न ऐरणीवर आला. येत्या मार्चमध्ये पार्टे निवृत्त होणार होते. वीणाताईंना साताऱ्याला परतायचं होतं. पार्ट्यांना इथंच राहायचं होतं. मोहालीत कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत दोन खोल्या मिळत होत्या आणि होकाराचं पत्र दिवाळीच्या आत द्यायचं होतं. महिनाभर घरात ह्याच विषयावर भांडी आपटली. शेवटी वीणाताईंनी तोड काढली.

"तुमची ती टेकडी एकदा दाखवा मला. इतकी वर्षं जे सांगताय, त्याच्या निम्मी जरी निघाली तरी राहू इथं. नाही निघाली तर मार्चमध्ये सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," पार्टे म्हणाले. त्यांना आनंद लपवता आला नाही. हर्नियाच्या ऑपरेशनमुळं दोन वर्षं ते स्वतः गेले नव्हते, पण टेकडी काय कुठं जाते?

दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाची सहल होती. हवाई दलातले इंद्रजित मोहिते, वर्षापूर्वीच बदलून आलेले, दोघांना आपल्या गाडीतून घेऊन निघाले. पिंजौर मागं पडल्यावर पार्टे म्हणाले, "इथं थांबवा. इथून चालायचं."

"चालायचं कशाला काका? गाडी वरपर्यंत जाते."

"कुठं वर?"

"टेकडीवर! तुमच्याच नकाशावरचा तर रस्ता आहे."

पार्टे खाली उतरले. वीणाताईही उतरल्या. इंद्रजित "वर भेटू" म्हणून निघून गेले आणि त्यांच्या गाडीची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

वाट नव्हती. रस्ता होता, दहा फूट रुंद, कच्चा, मशीननं खरवडलेला. दर मिनिटाला मागून हॉर्न वाजायचा आणि दोघांनी गटारात पाय घालून उभं राहायचं. गटार म्हणजे पाण्याचं नव्हे. पाणी कुठलं! चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थंड पेयांच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, त्यांत चाटून टाकलेली कोंबडीची हाडं. एका वळणावर चिडाच्या झाडाखाली इतकी दुर्गंधी, की वीणाताईंनी पदर नाकाला लावला. पुढच्या वळणावर कोणीतरी बाळाचा वापरलेला डायपर नीट घडी करून दगडावर ठेवला होता. त्या दगडावर नारिंगी रंगाचा बाण होता.

पार्ट्यांनी नजर वळवली आणि ते पुढं निघाले.

आणि चालता चालता त्यांच्या पायांना कळलं. दहा पावलं, एक पाऊल. पुन्हा दहा, पुन्हा एक. प्रत्येक वळसा ओळखीचा होता. गावकऱ्यांच्या छातीवरच्या वाटेनं कुठलीच गाडी कधीच चढली नसती. एकास दहानं चढते. आरामात चढते.

वर गाड्या लावून घेणारा एक माणूस होता. पार्ट्यांनी त्याला हिंदीत विचारलं, हा रस्ता कोणी आखला.

"किसी ने नहीं जी," तो अभिमानानं म्हणाला. "मालिक को बना-बनाया मिल गया. पत्थरों पे निशान लगे थे. जेसीबीवाला निशान देखता गया, काटता गया."

"और घासणी? रामदेई?"

"घास तो बिक गई जी, ज़मीन के साथ. अब लॉन है."

लॉन म्हणजे हातरुमालाएवढी हिरवळ, तिच्यात सिमेंटच्या छत्र्या, छत्र्यांखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दोन काळे स्पीकर. एका बाजूला नूडल्सची टपरी, तिचं खरकटं पाणी सरळ दरीत. बाकीचा माथा चाकांनी तुडवून उघडा पडलेला, दाढी करताना कापलेल्या गालासारखा. कड्यावरून खाली बघितलं तर कचऱ्याचा ओघळ थेट झाडांपर्यंत गेला होता.

"अरे, आले बघा!" इंद्रजित ओरडले. मंडळाची पंचवीस-तीस माणसं छत्र्यांखाली बसली होती. "मंडळी, हे पार्टेकाका! ही टेकडी ह्यांनी शोधली. ह्यांच्यामुळं आज आपण सगळे इथं आहोत!"

टाळ्या वाजल्या. कोणीतरी हातात झेंडूचा गुच्छ दिला. "दोन शब्द बोला की काका!"

पार्टे त्या चेहऱ्यांकडं बघत राहिले. चांगली माणसं होती. ह्यांच्यातल्या कोणी डायपर टाकला नव्हता, कोणी स्पीकर लावला नव्हता. तरी त्यांना त्या सगळ्यांची किळस आली, आणि सगळ्यांत जास्त आपल्या हातातल्या गुच्छाची.

"शोधली नाही," ते कसेबसे म्हणाले. "शोधून दिली." आणि गुच्छ जवळच्या खुर्चीवर ठेवून ते बायकोला शोधायला निघाले. लोकांना वाटलं, काका विनयी आहेत. पुन्हा टाळ्या पडल्या.

वीणाताई रेलिंगच्या पलीकडं, अगदी टोकाच्या खडकावर बसल्या होत्या. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पाठ सगळ्या गोंधळाकडं, तोंड दरीपलीकडच्या डोंगराकडं आणि वाऱ्याकडं. पार्टे त्यांच्यामागं जाऊन उभे राहिले.

"चल. जिंकलीस तू. मार्चमध्ये सामान बांधू."

"बसा जरा."

"बसायला काय ठेवलंय इथं? ऊठ, मला मळमळतंय."

वीणाताई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "राहू या की."

"कुठं? ह्या उकिरड्यावर?"

"मोहालीत हो. पत्र देऊन टाका उद्या."

पार्ट्यांना वाटलं, बाई टोमणा मारतेय. त्यांनी वाकून तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. टोमण्याच्या वेळी तिची उजवी भुवई वर जाते. ती जागेवर होती.

"निम्मं ठरलं होतं आपलं," ते चिडून म्हणाले. "निम्मं! इथं दोन आणेसुद्धा उरलं नाही. तू आधी बघितली असतीस म्हणजे कळलं असतं तुला."

"आधी नाही बघितली, हेच बरं झालं म्हणायचं. तुमचा हिशेब तुमच्यापाशी. मी बघितलं, मला पटलं."

"काय बघितलंस?"

"सरका तिकडं, वारा अडवताय."

पत्र दिलं गेलं. मार्चमध्ये पार्टे निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये दोघं मोहालीला राहायला गेले. मंडळाच्या बैठकीत पार्ट्यांनी हट्टानं ठराव करून घेतला, की कागदाच्या मागच्या बाजूला यापुढं काही छापायचं नाही. इंद्रजितनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोहे आणि कोकम पुरे. पोह्यांचं कोणी वाटोळं करत नाही."

वीणाताईंचं मात्र उलटंच सुरू झालं. महिन्यातून एका रविवारी त्या सकाळी सहालाच पायात बूट घालून दारात उभ्या राहतात. हो, बूट, मुलानं पुण्याहून आणून दिलेले. पार्टे नाक मुरडत, शिव्या देत मागून चालतात. प्रत्येक पाकिटाला शिवी, प्रत्येक हॉर्नला शिवी. वर पोचलं की वीणाताई रेलिंग ओलांडून त्याच खडकावर जाऊन बसतात, तासभर. पार्टे शेजारी बसतात. त्या बघतात तिकडंच बघायचा प्रयत्न करतात. समोर कसौलीची कड, मधल्या दरीत घाणेरीचं रान, त्यात अडकलेली निळी पिशवी. त्यांची नजर पिशवीवरच अडते.

परवा परतीच्या बसमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं. पूर्वी रागानं विचारायचे, हल्ली तसं राहिलं नाही. खिडकीशी बसलेल्या बायकोकडं वळून, हळू आवाजात, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं :

"वीणा, खरं सांग. त्या दिवशी तिथं बसून तुला नेमकं दिसलं तरी काय?"