नाव घेतलं नाही म्हणून

तुमचे आजोबा कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. सक्करदऱ्याच्या घरी गच्चीवर कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवत होते, ओल्या फरशीवर पाय घसरला आणि जिन्यावरून खाली कोसळले. त्यानंतरचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, कारण सांगताना माझा आवाज चढतो. लिहिताना तरी तो ताब्यात राहील.

ह्यांचा अपघात विमा होता. पंचनामा, दवाखान्याचे कागद, सगळं मी क्रमानं लावून दिलं. मग कंपनीतून फोन आला, "काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा." मी सांगितलं. काही आठवड्यांनी सीताबर्डीच्या ऑफिसात बोलावणं आलं. सोबत सावनेरची माझी नणंद होती.

टेबलामागचा तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, कागद ठीक आहेत. पण तुमचा कॉल सिस्टीमनं संशयास्पद दाखवला. बोलण्यावरून ती खोटं पकडते."

"काय खोटं पकडलं?"

"पूर्ण कॉलमध्ये तुम्ही मिस्टरांचं नाव एकदाही घेतलं नाही. 'हे', 'ह्यांना', बस. 'मृत्यू' हा शब्दही नाही, 'गेले' म्हणता. खोटं सांगणारे असंच लांब राहून बोलतात. आजारानं गेले असतील आणि पडले म्हणून सांगितलं, असा डाऊट येतो."

माझ्याआधी नणंदच बोलली. "काहून गा, तुही माय तुह्या बापाले नावानं हाका मारते काय?"

"मावशी, मी नाही म्हणून राहिलो, सिस्टीम म्हणून राहिली."

"मंग तिले सावनेरले घेऊन ये एकदा. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या खोट्या निघतील!"

तुमची आई तुमच्या बाबांना नावानं हाक मारते, त्याचं मला काही वाटत नाही. पण मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुलींना इंग्रजी शिकवलं, तरी ह्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. हे चिडवायचे, "एवढी इंग्रजी येते, आणि नवऱ्याचं नाव तेवढं येत नाही?" मी हसून स्वयंपाकघरात जायची.

"नाव घेऊन परत सांगा," अधिकारी म्हणाला. "क्लिअर होऊन जाईल. नाही तर फसवणूक म्हणून केस बंद होईल."

फसवणूक. ज्या माणसानं रिक्षावाल्याकडून चुकून आलेली जास्तीची चिल्लर परत करायला भर उन्हात चौकापर्यंत चालत जावं, त्याच्या मरणावर हा शब्द चिकटणार होता. नणंद उठलीच होती. "चाल वं वहिनी, नाही पाहिजे ह्यांचा विमा." मी तिला हात धरून बसवलं. अधिकाऱ्यानं रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल माझ्यापुढे सरकवला. मी ह्यांचं नाव घेतलं, आडनावासकट. "मृत्यू" म्हटलं. ज्यातलं काहीच माझं नव्हतं असं ते एकमेव निवेदन, आणि तेच त्यांनी खरं मानलं! अधिकारी हसून म्हणाला, "बघा, किती सोपं होतं."

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तुमच्या आजीला ते शोभलं नाही, पण त्याचा मला पश्चात्तापही नाही.

परतताना ऑटो व्हेरायटी चौकात अडकला. नणंद बाहेर बघत हळूच म्हणाली, "दादाले नाव आयकू द्याचं होतं वं अजून एकदा तरी."

"ठाऊक आहे मला!" मी एवढ्या जोरात ओरडले की ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं.