पूजाच्या आंघोळीचं पाणी

मैत्रिणींनो, आज मन लई जड झालंय, म्हणून लिहून राह्यले.

मी अंबडला मुलींच्या होस्टेलवर रेक्टर हाय. दिवाळीला सगळ्या पोरी घरी गेल्या, आठवीतली पूजा तेवढी राह्यली. तिची आई न्हाई, वडिलांनी दुसरं लग्न केलं. ते सकाळी तिला न्यायला येणार होते.

आज पहिली आंघोळ. अंगणातला मोठा बंब मी पहाटंच पेटवला. पूजा म्हणाली, "मॅडम, मी घरीच करीन आंघोळ. पप्पा येऊन राह्यले."

दुपार झाली, पप्पा आले न्हाई. मी निखारे राखेनं झाकले, मधूनमधून एखादं लाकूड सारत राह्यले. वॉचमनकाका म्हणाले, "आंघोळीला कोणी न्हाई, तं लाकडं कशाला जाळता?" मी आणखी एक लाकूड आत सारलं.

संध्याकाळी तिच्या पप्पांचा फोन आला. यंदा जमत न्हाई म्हणे.

थोड्या वेळानं पूजा बाहेर आली. "मॅडम, पाणी गरम हाय का?"

मी तिला तेल-उटणं लावलं, गरम पाण्याची बादली दिली. डोकं पुसताना ती हळूच म्हणाली, "मी इथंच आंघोळ केली हे पप्पांना सांगू नका. त्यांना वाईट वाटंल."

मी बरं म्हणाले. मंग बंबाकडं तोंड करून खूप रडले.

तुम्ही असता तं तिला काय म्हणाल्या असत्या?