ओवाळणीत मागितलेली शपथ

आमच्या घरात व्यसन फक्त पुरुषांना लागतं, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले. वडील दारूने गेले. धाकटा भाऊ त्याच वाटेने निघाला. आई आणि मी मात्र धुतल्या तांदळासारख्या. मी भोकरदनला शाळेत शिकवते, त्यामुळे दुसऱ्याला सुधारायची खाज अंगातच मुरलेली. भावावर मी ती पुरेपूर भागवून घेतली.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी माहेरी टेंभुर्णीला गेले होते. ओवाळून झाल्यावर त्याने तबकात साडी ठेवली. मी ती परत सरकवली. म्हटलं, मला ओवाळणी म्हणून शपथ पाहिजे. त्याची सात वर्षांची पोर शेजारीच करंजी खात बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ मी त्याला घ्यायला लावली. भावजय पदराने डोळे पुसत होती आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

संक्रांतीपर्यंत त्याने ती पाळली. मग मोडली. आणि नेमकी त्याच आठवड्यात पोर टायफॉइडने आडवी झाली.

तो भोकरदनला माझ्या दारात आला तेव्हा प्यालेला नव्हता. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आक्का, तेवढं सुटली म्हन."

आमच्याकडे घातलेली शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. त्याने 'सुटली' म्हटलं की समोरचा मोकळा. एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, "म्हणणार नाही. पोरीच्या धाकाने तरी सुधरशील."

पोर बरी झाली, पण हा तिच्या जवळ जाईना. आपला हात लागला की तिला काहीतरी होईल, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. ती 'पप्पा' म्हणत धावत आली की हा गोठ्याकडे निघून जायचा. झोपायलाही शेतातल्या खोलीवर. आणि ते सहन होईना म्हणून आधीपेक्षा जास्त प्यायचा.

शेवटी मीच त्याला जालन्याला व्यसनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी घराण्याची सगळी चौकशी केली. मग म्हणाल्या, आपल्याला चहाने, शाबासकीने, लेकराच्या हसण्याने बरं वाटतं, त्यात मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा वाटा असतो. त्याचं काम प्रत्येकात सारखं चालत नाही, आणि हा फरक काही अंशी आईबापांकडून येतो. काहींना साध्या गोष्टी पुऱ्या पडत नाहीत. दारूची गोडी मात्र चटकन लागते आणि मेंदू ती विसरत नाही. एकच एक कारण नसतं. परिस्थितीही असते, संगतही असते. म्हणून हे नशिबात लिहिलेलं नव्हे. पण नुसत्या धाकाने सुटणारंही नव्हे.

"घरात आणखी कोणाला काही सवय?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं.

भाऊ खाली बघत पुटपुटला, "आक्काची मिसरी."

मी डोळे वटारले. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटाने दातांना लावायची. आई लावायची, मीही लावते. तिला व्यसन कोण म्हणतं? ती आमच्या निर्जळी एकादशीलासुद्धा चालते.

"ते दात घासायचं आहे," मी म्हटलं.

"दिवसातून किती वेळा घासता?" बाईंनी विचारलं. मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले. त्या हसल्या नाहीत. "एक दिवस घासू नका. बघा काय होतं."

मला ते आव्हान वाटलं. पुढच्या रविवारी सकाळीच मिसरीची डबी शेजारणीकडे ठेवायला दिली. नऊला डोकं जड झालं. दहाला मी नवऱ्यावर मीठ कमी पडल्याचा राग काढला, आणि भाजी तर मीच केली होती. अकराला मुलांच्या वह्या घेऊन बसले आणि एकच पान तीनदा तपासलं. बारा वाजायच्या आत मी शेजारणीच्या दारात उभी होते, आणि पन्नाशी उलटलेली बाई खोटं बोलत होते की डबीत माझी अंगठी राहिली आहे.

मोरीत उभं राहून दातांवर बोट फिरवलं आणि सगळ्या अंगाला बरं वाटलं. तेव्हा मला रडू आलं. मला कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला नव्हता, तरी मला दुपारसुद्धा गाठता आली नव्हती. त्याने तर भाऊबीज ते संक्रांत काढली होती. मी त्याचं कौतुक एकदाही केलं नव्हतं.

दोनच्या एसटीने टेंभुर्णी गाठली. भाऊ ओसरीत बसला होता. जालन्याहून आणलेल्या गोळ्यांची पिशवी खुंटीला तशीच लटकलेली.

"घेतल्या नाहीस?" मी विचारलं.

"घेऊन काय करू, आक्का? शपथ हायेच की बोकांडी. आता दारू सुटली काय अन् न्हाई काय, पोरीला जे व्हायचं ते मंग व्हनारच."

मी त्याच्या शेजारी बसले. डबीची सगळी हकीकत सांगितली, अंगठीच्या थापेसकट. तो ऐकत राहिला. मग मी पोरीला हाक मारली. ती आली आणि सवयीने बापापासून लांबच उभी राहिली. हे मी केलं होतं. मी तिचा हात धरून तिला पुढे आणलं, भावाचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "सुटली."

त्याने हात काढला नाही. पोर गप्प उभी राहिली, हलली तर हात जाईल म्हणून.

बऱ्याच वेळाने त्याने तिला पाणी आणायला सांगितलं, गोळी घ्यायला.