वीराची शेवटची चेष्टा

भोपाळला आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात ह्यांचं ऑपरेशन चाललं होतं. बाकावर शेजारी बसलेले अनोळखी काका बोटाला थुंकी लावत तलवार-जादूची कादंबरी मोठ्यानं वाचत होते.

"राजपाट गया भाड़ में, भाभीजी. इसमें हीरो बस अपनी जान बचाता है."

म्हणूनच तर मी ऐकत राहिले बघा.

गोष्टीत जादूगरानं वीराची तलवार मोडली. "वीर ने अंतिम चेष्टा की!"

मला हसूच फुटलं. मरताना कसली थट्टा? मग काकांनी सांगितलं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीतला अर्थ ऐकून तेही हसले.

तेवढ्यात ऑपरेशन आटोपलं नि सिस्टरनं आत बोलावलं. ह्यांनी डोळे उघडले. "रडतेस का? वाचलो म्हणून?"

मी दारातूनच ओरडले, "काका, चेष्टा केली हो ह्यांनी!"

काकांनी पुस्तक मिटलं. "कौन-सी वाली?"

"दोन्ही!"